नाव झाकलेले, काम उघडे : वास्तुरचना व डिझाइनच्या स्पर्धांविषयी

आपल्या मंडळाकडे शिष्यवृत्तीसाठी जे अर्ज येतात त्यांवरून नजर फिरविली तर एक पालट सहज ध्यानी येतो. एके काळी अर्जदार विद्यार्थी बहुतेक वैद्यकी, इंजिनिअरिंग, वकिली किंवा शिक्षकी पेशाकडे जाणारे असत. आता त्यांच्या जोडीला वास्तुरचना, घरांची अंतर्गत मांडणी, नित्योपयोगी वस्तूंचे डिझाइन, बोधचिन्हांचे रेखाटन असे विषय घेणारी मुले-मुलीही दिसू लागली आहेत. या शिक्षणाबरोबर एक नवी गोष्ट आपल्या घरांत शिरली आहे, ती म्हणजे स्पर्धा. मुलगी रात्र रात्र जागून कागदामागून कागद रेखाटते, प्रवेशशुल्क भरते, मोठमोठे तक्ते छापून आणते, पुठ्ठ्याची प्रतिकृती करते. आणि निकाल लागतो तेव्हा यादीत तिचे नाव नसते. मग घरची वडील मंडळी विचारतात, "परीक्षा तोंडावर आली असता हा उपद्व्याप कशासाठी?"

प्रश्न रास्त आहे. शिक्षण-निधीतून फी व पुस्तकांसाठी पैसा द्यावा हे सर्वांस मान्य असते. पण स्पर्धेसाठी द्यावा काय, याविषयी सभासदांत दोन मते असणे स्वाभाविक आहे. या स्पर्धा म्हणजे काय, त्या कशा चालतात, त्यांत कोणी व कसे उतरावे, आणि कोणत्या स्पर्धांपासून दूर राहावे, हे ठाऊक असल्यास निर्णय करणे सोपे जाईल, म्हणून हा लेख.

स्पर्धेचे मर्म

एखादी मोठी इमारत, स्मारक किंवा चिन्ह करावयाचे असले म्हणजे ते काम कोणाकडे सोपवावे हा प्रश्न पडतो. ओळखीच्या माणसास बोलावणे हा नेहमीचा मार्ग. दुसरा मार्ग असा की, आपली गरज व अटी लिहून प्रसिद्ध कराव्यात, मुदत द्यावी, आलेली रेखाटने जाणत्या परीक्षकांपुढे ठेवावीत आणि त्यांतून उत्तम ते निवडावे. हीच स्पर्धा. परंतु तिचे खरे मर्म निवडीत नसून नाव झाकण्यात आहे. नियमाने चालणाऱ्या स्पर्धेत प्रत्येकास एक क्रमांक मिळतो. तक्त्यावर तेवढा क्रमांकच असतो. नाव, गाव, महाविद्यालय यांचा कोठेही उल्लेख चालत नाही. नावाचा कागद बंद पाकिटात अथवा वेगळ्या नोंदीत राहतो आणि निर्णय झाल्यावरच उघडला जातो. युनेस्कोने १९५६ मध्ये आंतरराष्ट्रीय वास्तुरचना-स्पर्धांसाठी जे नियम ठरविले व १९७८ मध्ये सुधारले, त्यांतही नाव गुप्त ठेवण्यास महत्त्वाचे स्थान आहे.

याचा अर्थ काय होतो तो एका उदाहरणाने स्पष्ट होईल. व्हिएतनाम युद्धात पडलेल्या अमेरिकन सैनिकांचे स्मारक वॉशिंग्टन येथे उभारावयाचे ठरले तेव्हा खुली स्पर्धा झाली. १,४२१ रेखाटने आली. ती सर्व मांडण्यास विमानांचे एक हँगर लागले. १९८१ च्या मे महिन्यात निकाल लागला. निवड झाली १,०२६ क्रमांकाची. पाकीट उघडले तेव्हा त्यात माया लिन हे नाव निघाले. वय वर्षे २१, येल विद्यापीठातील विद्यार्थिनी, आईवडील चीनमधून अमेरिकेत येऊन स्थायिक झालेले. नामांकित वास्तुविशारदांच्या पंक्तीत त्या वेळी तिला कोणी पाटावर बसविले असते असे वाटत नाही; तो पाट तिला एका क्रमांकाने दिला. काळ्या ग्रॅनाइटच्या दोन भिंती जमिनीत उतरत जाऊन एका कोनात मिळतात आणि त्यांवर मृतांची नावे मृत्यूच्या क्रमाने कोरलेली आहेत, असे हे स्मारक १९८२ च्या नोव्हेंबरात खुले झाले.

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव येथे वाढलेल्या मुलांना मुंबई-दिल्लीच्या मोठ्या कचेऱ्यांत ओळखी नसतात, हे आपण जाणतोच. ज्या दारावर ओळख विचारली जात नाही असे दार या व्यवसायात फार थोडे. स्पर्धा हे त्यांपैकी एक आहे.

हरणाऱ्यांची कहाणी

पण शेकडो जण उतरतात आणि एकच जिंकतो; मग उरलेल्यांचे काय? या बाबतीत इतिहास मोठा धीर देणारा आहे.

इटलीतील फ्लॉरेन्स शहरात १४०१ मध्ये बाप्तिस्म्याच्या मंदिराचे ब्राँझचे दरवाजे करण्यासाठी स्पर्धा लागली. तीत गिबर्टी जिंकला आणि ब्रुनेलेस्की हरला. हरलेला ब्रुनेलेस्की वास्तुविद्येकडे वळला. पुढे १४१८ मध्ये त्याच शहराच्या मुख्य चर्चवर घुमट कसा चढवावा याची स्पर्धा लागली. इतका रुंद घुमट नेहमीच्या लाकडी आधाराशिवाय बांधण्याची युक्ती ब्रुनेलेस्कीने सुचविली, आणि १४२० ते १४३६ या काळात तो घुमट उभा राहिला. आज फ्लॉरेन्सचे चित्र म्हटले की तोच डोळ्यांपुढे येतो.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. मुंबईत बोरीबंदरासमोर महानगरपालिकेची जी भव्य इमारत आहे, तिच्यासाठी १८८८ च्या सुमारास दोन रचनांत चुरस झाली. एक रचना रॉबर्ट चिझम यांची, हिंदी व इस्लामी शैलींचा मेळ घालणारी, दुसरी एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांची, गॉथिक वळणाची. पसंती गॉथिकला मिळाली व १८९३ मध्ये ती इमारत पुरी झाली. मुंबईत ज्यांची रचना मागे पडली ते चिझम कोण? मेजर मँट यांच्या निधनानंतर आपला लक्ष्मीविलास राजवाडा ज्यांनी पूर्णत्वास नेला आणि बडोदे कॉलेजचा तो विशाल घुमट ज्यांनी रचला, तेच हे. त्या घुमटाखालून आपल्यापैकी अनेकांच्या तीन-तीन पिढ्या शिकून बाहेर पडल्या. एका परीक्षक मंडळाचा नकार हा माणसाच्या बुद्धीवरचा निकाल नव्हे, हे समजण्यास बडोदेकरांना स्टेशनाजवळच्या त्या घुमटाकडे मान वर करून पाहिले तरी पुरे.

जिंकणाऱ्यांचेही उदाहरण मुंबईतच आहे. पूर्वी प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्तुसंग्रहालयाचे काम जॉर्ज विटेट यांस १९०९ मध्ये खुल्या स्पर्धेनंतरच मिळाले.

स्पर्धांचे प्रकार

सर्वच स्पर्धा एका जातीच्या नसतात. काही स्पर्धांत निवडलेली रचना प्रत्यक्ष बांधावयाची असते. काही केवळ कल्पनांसाठी असतात, म्हणजे जुना बाजार कसा सुधारता येईल, नदीकाठ कसा असावा, अशा प्रश्नांवर विचार मागविले जातात. काही सर्वांना खुल्या, तर काही मोजक्या निमंत्रितांपुरत्या. काही एका फेरीत संपतात. काहींत पहिल्या फेरीत थोडके निवडून त्यांस मानधन देऊन दुसऱ्या फेरीसाठी सविस्तर काम करावयास लावतात. विद्यार्थ्यांसाठी निराळ्या स्पर्धा असतात. भारतातील वास्तुविद्येच्या विद्यार्थ्यांची 'नासा' ही देशव्यापी संघटना ज्या स्पर्धा भरविते, त्यांतील लुई कान ट्रॉफी तर जुन्या वास्तूंची मोजमापे घेऊन त्यांची नोंद करण्यासाठी आहे. आपल्याकडील वाड्यांचे नकाशे मुलांनी अशा निमित्ताने जरी काढून ठेवले, तरी तो समाजाचा लाभच होईल.

प्रत्यक्ष बांधकामाच्या स्पर्धेत मुख्य स्पर्धक नोंदणीकृत वास्तुविशारद असावा अशी अट बहुधा असते; १९७२ च्या कायद्याप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंद असल्याशिवाय कोणास स्वतःस आर्किटेक्ट म्हणविता येत नाही. अशा ठिकाणी विद्यार्थ्याने एखाद्या नोंदणीकृत वास्तुविशारदाच्या गटात सामील व्हावे. कल्पना-स्पर्धा मात्र विद्यार्थ्यास पुष्कळदा खुल्या असतात, आणि सुरुवात तेथूनच करावी.

उतरण्यापूर्वी अटी वाचाव्या

घर घेताना आपण कागदपत्र वकिलास दाखवितो. स्पर्धेचे निवेदनही त्याच काळजीने वाचले पाहिजे. पेन्सिल हाती घेण्यापूर्वी पुढील प्रश्नांची उत्तरे त्यात शोधावीत.

स्पर्धा कोण भरवीत आहे, आणि त्या संस्थेजवळ जागा व पैसा आहे काय? परीक्षक कोण? त्यांची नावे आधी जाहीर झाली नसतील तर सावध असावे. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या मार्गदर्शक नियमांप्रमाणे परीक्षकांत वास्तुविशारदांचे बहुमत असावे लागते; त्याचे कारण नकाशा वाचणे ही विद्या आहे, आणि जो नकाशा वाचू शकत नाही तो केवळ रंगीत चित्रावर भुलतो. नाव गुप्त राहील काय? पारितोषिक किती, आणि विजेत्यास पुढील काम मिळेल असे स्पष्ट लिहिले आहे काय? प्रवेशशुल्क पारितोषिकाच्या मानाने वाजवी आहे काय?

शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हक्कांचा. विशेषतः बोधचिन्हे, वस्तू, कापडावरील नक्षी यांच्या स्पर्धांत एखादी ओळ हळूच घातलेली असते की, आलेल्या सर्व रेखाटनांवर आयोजकांचा हक्क राहील. म्हणजे बक्षीस एकास आणि मालकी सर्वांच्या कामावर! अशा स्पर्धेत उतरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्यास देणे लेखी व सहीनिशीच व्हावे लागते, आणि हक्क दिला तरी 'हे काम माझे आहे' असे सांगण्याचा कर्त्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. म्हणून कोठेही सही करण्याआधी वाचावे. त्याचप्रमाणे खुर्ची, दिवा, भांडे अशी नवी वस्तू रचणाऱ्याने आणखी एक ध्यानात ठेवावे. २००० च्या डिझाइन कायद्याप्रमाणे नोंदणीसाठी वस्तूचे रूप नवे असावे लागते. आधीच प्रसिद्ध झालेल्या रूपाची नोंदणी होत नाही. तेव्हा स्पर्धेच्या प्रदर्शनात वस्तू मांडण्यापूर्वीच नोंदणीचा विचार करावा.

काम कसे करावे

स्पर्धेतील पुष्कळशी रेखाटने कौशल्याच्या अभावी नव्हे, तर अट न पाळल्यामुळे बाद होतात. ठरल्यापेक्षा एक तक्ता जास्त झाला, माप चुकले, कोपऱ्यात महाविद्यालयाचे नाव राहून गेले, मुदत पाच मिनिटांनी हुकली, की महिन्याचे श्रम वाया. आजकाल रेखाटने संगणकावरून पाठवावयाची असतात; तेथे फाइलच्या नावातही स्वतःचे नाव राहता कामा नये.

परंतु अटी केवळ अडविण्यासाठी नसतात. चांगल्या रचनाकारास त्या वाट दाखवितात. वर सांगितलेल्या वॉशिंग्टनच्या स्मारकासाठी, सर्व मृतांची नावे त्यावर असावीत आणि युद्धाच्या बऱ्या-वाइटाविषयी त्यातून राजकीय मत दिसू नये, अशा अटी होत्या. इतरांस पन्नास हजारांहून अधिक नावे हे ओझे वाटले असेल. माया लिनने नावांचेच स्मारक केले. आपल्या रुपयाच्या चिन्हाची गोष्टही अशीच आहे. २००९ मध्ये भारत सरकारने खुली स्पर्धा जाहीर केली. चिन्हातून देशाची परंपरा दिसावी आणि ते संगणकाच्या कळफलकावरही बसावे, अशी अपेक्षा होती. तीन हजारांहून अधिक रेखाटने आली, त्यांतून पाच निवडली गेली, आणि १५ जुलै २०१० रोजी डी. उदय कुमार यांचे चिन्ह स्वीकारले गेले. पारितोषिक अडीच लाख रुपयांचे होते. उदय कुमार हे मुंबईला पवई येथील आय.आय.टी.त संशोधन करणारे. त्यांनी देवनागरी 'र' व रोमन 'आर' ही दोन्ही अक्षरे एका आकारात आणली आणि आपली शिरोरेषा वर कायम ठेवली. बालवाडीतले पोरही ते दोन हात फिरवून काढू शकते. मोठा विचार थोड्या रेघांत बसविणे, यालाच रचना म्हणतात.

यातून सुरुवात करणाऱ्यास काही व्यवहारी गोष्टी सांगता येतील. हाती असलेल्या दिवसांचे तीन भाग करावेत. पहिला भाग निवेदन वाचण्यात, जागा पाहण्यात व विचारात घालवावा. जागा दूर असेल तर तिचे नकाशे, वारा, ऊन, पाऊस, रहदारी यांचा अभ्यास करावा. दुसऱ्या भागात रचना करावी. तिसरा भाग तक्ते मांडण्यासाठी राखून ठेवावा. तो बहुतेकांचा अपुरा पडतो. तक्त्यात एकच मुख्य विचार असावा व तो चार हातांवरून दिसावा, कारण परीक्षकांपुढे शेकडो तक्ते असतात आणि पहिल्या पाहणीत एकेकास फार थोडा वेळ मिळतो. प्लॅन, सेक्शन व एलिव्हेशन एकमेकांशी जुळावेत. सोबतचा मजकूर थोडका व शुद्ध असावा. शक्य तर दोघा-तिघांनी मिळून काम करावे. मात्र श्रेय कोणाचे किती, हे आरंभीच कागदावर लिहून ठेवावे. बक्षीस आल्यावर मैत्री तुटण्यापेक्षा हे बरे. आणि पाठविण्यापूर्वी तक्ता घरच्या एखाद्या अशा माणसास दाखवावा, ज्यास वास्तुविद्येतले काही कळत नाही. आजीला कल्पना उमगली, तर परीक्षकास उमगेलच.

जिंकल्यानंतर

जिंकणे ही कामाची सुरुवात होय, शेवट नव्हे. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराच्या ऑपेरा हाउससाठी झालेल्या स्पर्धेत २३३ रचना आल्या. १९५७ च्या जानेवारीत डेन्मार्कचे योर्न उत्झोन यांची रचना निवडली गेली. तोवर त्यांनी सिडनी पाहिलेही नव्हते. बंदराचे नकाशे अभ्यासून त्यांनी शिडांसारखी छपरे कल्पिली. पण ती छपरे बांधावी कशी, हे ठरविण्यास कित्येक वर्षे लागली. खर्च वाढला, नव्या सरकारशी मतभेद झाले, आणि १९६६ मध्ये उत्झोन यांनी काम सोडले. ७० लाख डॉलरांचा अंदाज १० कोटी २० लाखांवर गेला आणि १९७३ मध्ये इमारत खुली झाली. २००३ मध्ये वास्तुविद्येतील प्रित्झकर पारितोषिक त्यांस मिळाले, २००७ मध्ये ती इमारत जागतिक वारशात गेली. पण २००८ मध्ये ते वारले तोवर पुरी झालेली इमारत त्यांनी कधी प्रत्यक्ष पाहिली नाही. आपल्याकडे दिल्लीतील इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा होऊन १९८६ मध्ये राल्फ लर्नर यांचा आराखडा निवडला गेला. त्याचाही काही भागच प्रत्यक्षात उतरला. म्हणून विजेत्या मुलानेही हुरळून जाऊ नये आणि हातचे शिक्षण अर्ध्यावर टाकू नये. वर्षाकाठी एक किंवा दोन स्पर्धा, त्याही परीक्षेचे दिवस सांभाळून, इतके प्रमाण आम्हांस योग्य वाटते.

आपले कर्तव्य

आता मूळ प्रश्न : मंडळाने साहाय्य द्यावे काय? आमचे उत्तर आहे, द्यावे, पण पारखून. प्रवेशशुल्क, छपाई व प्रतिकृतीचे साहित्य यांसाठी लहानशी रक्कम राखून ठेवावी. अर्जासोबत स्पर्धेचे निवेदन मागवावे आणि हक्कांची अट वाजवी असल्याशिवाय पैसा देऊ नये; एवढ्यानेच विद्यार्थ्यास अटी वाचण्याची सवय लागेल. निकाल काहीही लागो, ते तक्ते एक दिवस मंडळाच्या सभागृहात लावावेत व विद्यार्थ्याने सभासदांना ते समजावून सांगावेत. चुरशीत मागे पडलेले कामही चार लोकांनी पाहिले म्हणजे वाया जात नाही. एखाद्या सभासदास दुकान, दवाखाना किंवा घर बांधावयाचे असेल, तर ओळख तेथेच होईल.

दुसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या वागणुकीची आहे. आपणही कधी सभागृह वाढवितो, कधी वसतिगृहाचा विचार करतो, कधी उत्सवासाठी बोधचिन्ह करवून घेतो. अशा वेळी "आपलाच मुलगा आहे, देईल काढून" असे म्हणून फुकट काम घेण्याची रीत सर्वत्र आहे. स्वयंपाक्याची बिदागी आणि मांडववाल्याचे बिल आपण चुकते करतो. मग रेखाटणाऱ्यानेच तेवढे धर्मार्थ का राबावे? यापुढे मंडळास असे काम निघाले, तर लहानशी का होईना, नियमशीर स्पर्धा भरवावी. अटी लेखी असाव्यात, परीक्षक जाणते असावेत, नावे झाकलेली असावीत, पारितोषिक रोख असावे, आणि न निवडलेली रेखाटने ज्याची त्याला परत मिळावीत. कार्यकारी मंडळातील कोणाच्या घरचे रेखाटन आले, तर त्या सभासदाने परीक्षणापासून दूर राहावे.

विद्येला आश्रय देण्याची बडोद्याची परंपरा जुनी आहे. सयाजीराव महाराजांच्या काळी, १८९० मध्ये येथे कलाभवन निघाले. हाताने काम करणाऱ्याच्या विद्येलाही विद्या म्हणावे, हा विचार त्यामागे होता. दादासाहेब फाळके यांनीही काही काळ तेथे शिक्षण घेतले. त्या नगरीत राहणाऱ्या आपल्या मंडळाने उत्सवाच्या या वर्षी नवीन पिढीच्या हाताला इतके बळ द्यावे, आणि आपल्या मुलामुलींनी आपापली कामे निर्भयपणे जगापुढे मांडावीत, अशी सदिच्छा व्यक्त करून आम्ही येथे विराम घेतो.